म्हणजे चालतं?

मागच्या हिवाळ्यात बहीण, दाजी आणि भाचीसोबत अमृतसरला गेलो होतो. सकाळी लवकर निघालो, धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं, आणि त्या प्रसिद्ध बोळातून जालियनवाला बागेत शिरलो. बोळाच्या दोन्ही भिंतींवर आता बागेकडे निघालेल्या माणसांची शिल्पं बसवलीयेत, ती बघत बघत माणूस पुढे सरकतो आणि बोळ किती अरुंद आहे याकडे लक्षच जात नाही. माझं गेलं, कारण या अरुंदपणामुळेच डायरच्या दोन चिलखती गाड्या मशीनगनसकट बाहेर राहिल्या हे शाळेपासून डोक्यात बसलंय. आत गेल्यावर भाची थेट गोळ्यांच्या खुणा असलेल्या भिंतीकडे पळाली. दहा वर्षांची आहे, तिला काहीही दिसलं की मोजायची सवय, पायऱ्या, खांब, रेल्वेचे डबे. तशी ती विटांमधली भोकं मोजायला लागली, चौकटी केल्यात ना त्यांच्याभोवती, एकेका चौकटीकडे बोट करत, ओठ हलवत. मधेच थांबली आणि म्हणाली, "मामा, हे गोऱ्या सोल्जरनी मारलं ना?" मी म्हटलं नाही गं, हुकूम देणारा गोरा होता, बंदुका चालवणारे इकडचेच, गुरखे होते, पठाण होते, बलुची होते. तिचं बोट तसंच हवेत राहिलं. "मग त्यांनी का मारलं?" मी अगदी सहज, विचार न करता म्हणालो, "ऑर्डर होती."

"म्हणजे चालतं?"

तेवढ्यात बहिणीने फोटोसाठी हाक मारली आणि ती पळाली. मी तिथेच उभा राहिलो. तिच्या आवाजात आरोप नव्हता, वर्गात बाईंना विचारतात तसं विचारलं होतं तिने, डबा आता खाल्ला तर चालतं का, पेन्सिलने लिहिलं तर चालतं का. आणि मला हो पण म्हणता येईना आणि नाही पण म्हणता येईना. खरं सांगायचं तर मला त्रास तिच्या प्रश्नाचा झाला नाही, माझ्या उत्तराचा झाला. ते दोन शब्द माझ्या तोंडातून इतके सवयीने आले की मला माझाच एकोणीस वर्षांचा आवाज ऐकू आला. हेच दोन शब्द मी आयुष्यात एकदा, सावधानमध्ये उभं राहून, समोर बघत, म्हटले होते. त्याच्यावर येतोच.

१३ एप्रिल १९१९ चा तो हिशोब आपल्याला सगळ्यांना माहीत असतो, १० मिनिटं, १६५० राउंड, सरकारी आकडा ३७९ मेले, काँग्रेसच्या चौकशीत हजाराच्या आसपास. डायरचं तर आपल्याला सगळंच माहीत असतं. या गोळीबाराची सरकारी चौकशी करणाऱ्या हंटर कमिटीपुढे चिमणलाल सेटलवाडांनी त्याला विचारलं होतं की गाड्या आत जाऊ शकल्या असत्या तर मशीनगन चालवली असतीस का, आणि तो म्हणाला होता, बहुधा हो. पण त्या दिवशी बागेत मी पहिल्यांदा त्या बाकीच्यांचा विचार केला. रायफलवाले ५० जण होते. १६५० भागिले ५०, म्हणजे एकेकाच्या वाट्याला सरासरी ३३ गोळ्या. आणि ती रायफल होती थ्री-नॉट-थ्री, बोल्टवाली. आमच्या एनसीसीच्या कोतमध्ये, म्हणजे हत्यारं ठेवायच्या खोलीत, तीच रायफल होती म्हणून मला हातांनी माहितीये ती. ती आपोआप चालत नाही. एक गोळी झाडली की बोल्टची मूठ वर उचलायची, मागे ओढायची, रिकामं काडतूस टणकन बाहेर पडतं, परत पुढे ढकलायची, खाली दाबायची, मग गाल दस्त्याला टेकवायचा, एक डोळा मिटायचा, समोर माणूस शोधायचा आणि मग बोट. मॅगझिनमध्ये मावतात दहा, म्हणजे मधे मधे थांबून पट्ट्यातून काडतुसं काढून भरायची. हे ३३ वेळा. दहा मिनिटांत ३३ वेळा म्हणजे दर अठरा सेकंदाला एकदा, अठरा सेकंद हा काही कमी वेळ नाही, करून बघा मनातल्या मनात मोजून. हुकूम सुरुवातीला एकदा आला असेल, मधे जिथे गर्दी जास्त तिथे मारा म्हणून आला, पण बोल्ट प्रत्येक वेळी स्वतःच्याच हाताने ओढायचा होता.

त्या ५० जणांपैकी एकाचंही नाव मला माहीत नाही आणि तुम्हालाही नसेल. ते संध्याकाळी परत गेले असतील, रायफली साफ केल्या असतील, साफ करावीच लागते, नळीत चिंधी घालून, तेल लावून. जेवले असतील. त्यातल्या कुणी घरी कधी सांगितलं असेल का.

कॉलेजची तीन वर्षं मी एनसीसीत होतो. आवडायचं मला, आजही एखाद्या मैदानात कुणी "दाहिने मूड" ओरडलं की टाच आपोआप वळायला बघते. पहाटेचा फॉल-इन, बुटांच्या पॉलिशचा वास, खाकी शर्टाला स्टार्च घालून कडक केलेली घडी, आणि तीस-चाळीस जणांचा उजवा पाय एकाच क्षणी जमिनीवर आपटला की होणारा तो एक धप्प आवाज. तो आवाज छातीत येतो. त्या आवाजात आपण एकटे नसतो याचा जो आनंद आहे तो ज्याने घेतलाय त्यालाच कळेल, आणि मी तो आजही नाकारणार नाही. शिस्तीचे चार नियम आम्ही रोज घोकायचो. पहिला, ओबे विथ अ स्माईल, हसतमुखाने आज्ञा पाळा. मग वेळ पाळा, मग कुरकुर न करता कष्ट करा. आणि चौथा, मेक नो एक्स्क्यूजेस अँड टेल नो लाइज, सबबी सांगू नका आणि खोटं बोलू नका. पहिला आणि चौथा एकमेकांसमोर उभे राहिले तर काय करायचं हे कुणी विचारलं नाही, मीही नाही.

तिसऱ्या वर्षी मी अंडर ऑफिसर, म्हणजे कॅडेटांमधलाच वरच्या हुद्द्याचा, होतो, दहा दिवसांचा कॅम्प होता. सहाव्या की सातव्या दिवशी पहिल्या वर्षाचा एक पोरगा रांगेत हसला. कशाला हसला कुणास ठाऊक, बारीक चणीचा होता, टोपी कानावर यायची त्याची. उस्ताद, म्हणजे आम्हाला शिकवायला फौजेतून आलेले स्टाफ, त्यांनी त्याला बाहेर काढलं, रायफल दोन्ही हातांनी डोक्यावर धरायला लावली आणि मला म्हणाले, "इसको दौड़ाओ. जब तक मैं न बोलूँ, रुकना नहीं." मी सॅल्यूट ठोकला. मैदानाला राउंड मारायचे, आणि दर राउंडला मी मोठ्याने आकडा म्हणायचा. उस्ताद ऑफिसच्या तंबूकडे गेले. एक, दोन, तीन. थ्री-नॉट-थ्री ४ किलोच्या वर असते, डोक्यावर धरली की पहिली दोन मिनिटं काही वाटत नाही, मग खांद्यात आग सुरू होते आणि मग हात आपले राहत नाहीत. चौथ्या राउंडला त्याची कोपरं वाकली, मी ओरडलो, "हाथ सीधा." त्याने सरळ केले. पाचव्याला मी ऑफिसकडे बघितलं, कुणी येत नव्हतं. सातव्या राउंडला तो माझ्यासमोरून गेला तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं. विनवणी नव्हती त्या नजरेत. आपण भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो ना, अजून किती राहिलंय म्हणून, तसा बघितला तो. तोंड उघडं, ओठ पांढरे, आणि नाकातून येणारा श्वास मला दहा पावलांवरून ऐकू येत होता.

मी "सात" म्हटलं.

तेव्हा मला कळलं होतं. हे मी आज लिहिताना शहाणपण म्हणून जोडत नाहीये, तेव्हाच कळलं होतं, पोटात खड्डा पडतो तसं झालं होतं. थम म्हणायचं होतं, दोन अक्षरी शब्द. म्हटला असता तर काय झालं असतं, उस्तादांनी फार तर मलाही पळवलं असतं. कुणी मला तुरुंगात घालणार नव्हतं, गोळी तर नाहीच. पण सावलीत बाकीचे कॅडेट उभे होते, तीसेक जण, सगळे बघत होते, त्याच्याकडे आणि माझ्याकडे. माझ्या खांद्यावर नवी पट्टी होती. हुकूम मला मिळाला होता आणि तो नीट पार पाडून दाखवायचा होता. एवढंच होतं डोक्यात, याहून मोठं काहीही नव्हतं. आठ, नऊ, दहा. अकरावा राउंड संपता संपता तो पडला, रायफल हातात तशीच, आणि हनुवटी बोल्टच्या मुठीवर आपटली. रक्त आधी शर्टावर आलं, मग मातीत. ती लाल माती होती, त्यामुळे मातीत दिसलं नाही.

संध्याकाळी कॅम्पच्या साहेबांनी बोलावलं. उस्ताद म्हणाले, "मैंने तो पाँच राउंड बोला था." मी समोर बघत म्हणालो, "सर, ऑर्डर होती." आणि तो पोरगा, हनुवटीला टाके आणि पट्टी, सावधानमध्ये उभा, त्याला विचारलं तर म्हणाला, "सर, मैं खुद फिसल गया." झालं, विषय मिटला. तिघांपैकी सगळ्यात लहान जो होता त्याने पहिला नियमही पाळला आणि आमच्यासाठी चौथा मोडला.

पुढे कधीतरी मी कायद्यात हे शोधायला लागलो, नोकरीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, पण डोक्यात होतं. १८६० च्या पीनल कोडमध्ये कलम ७६ होतं, आणि त्याखाली समजावून सांगायला एक उदाहरण दिलं होतं. क हा सैनिक वरिष्ठाच्या हुकमावरून, कायद्याच्या आदेशाला धरून, जमावावर गोळी झाडतो. क ने कोणताही अपराध केलेला नाही. वाचल्यावर मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. जालियनवालाच्या एकोणसाठ वर्षं आधी लिहिलेलं ते वाक्य, आणि २०२४ च्या १ जुलैपासून नवी न्याय संहिता लागू झाली तरी तेच उदाहरण कलम १४ खाली जसंच्या तसं आलंय. क ला नाव नाही, गाव नाही, समोरच्या जमावालाही नाही. पण नीट वाचलं की त्यात एक छोटा तुकडा दिसतो, "कायद्याच्या आदेशाला धरून". म्हणजे नुसता हुकूम पुरत नाही. १९५० च्या आर्मी ॲक्टचं कलम ४१ पण तसंच, हुकूम मोडला तर चौदा वर्षांपर्यंत कैद, पण कुठला हुकूम, तर "लॉफुल कमांड", कायदेशीर हुकूम. सगळा भार त्या एका शब्दावर. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझींवर न्यूरेंबर्गला जे खटले चालले, त्यांच्यानंतर जगाने जे तत्त्व लिहून ठेवलं तेही हेच सांगतं, वरून हुकूम होता एवढ्याने सुटका नाही, निवड करणं खरोखर शक्य होतं का ते बघायचं.

कागदावर हे मला पटतं. पण मग तो कागद मी मैदानात नेतो आणि अडतो. सैनिकाला आपण काय शिकवतो? हुकूम आला की शरीर हललं पाहिजे, विचार नंतर. सावधान, विश्राम, सावधान, विश्राम, महिनोन् महिने, हजारो वेळा, कानात शब्द पडल्यावर डोक्याला बायपास करून पाय हलेपर्यंत. आणि नकार? एकदाही नाही. एकाही मैदानावर, एकाही सकाळी असा ड्रिल होत नाही की आता मी चुकीचा हुकूम देणार आणि तुम्ही सगळ्यांनी जागचं हलायचं नाही. आणि मग त्या वीस-बावीस वर्षांच्या पोराकडून आपण अशी अपेक्षा ठेवतो की आरडाओरडा, धूळ, भीती, शेजारी मित्र, हे सगळं असताना त्याने तीन सेकंदांत ओळखावं की हा हुकूम कायदेशीर आहे की नाही, जे ठरवायला नंतर कोर्टाला वर्षं लागतात. इस्रायलमध्ये १९५६ साली कफर कासिमला कर्फ्यूची खबरसुद्धा न मिळालेले, कामावरून घरी परतणारे गावकरी गोळ्या घालून मारले, त्या खटल्यात न्यायाधीशाने म्हटलं की काही हुकूम असे असतात की त्यांच्यावर काळा झेंडा फडकत असतो, तो दिसलाच पाहिजे. फार मोठं वाक्य आहे ते. पण मला माझा अनुभव सांगतो की झेंडा फार उशिरा दिसतो. वाईट हुकूम त्याच आवाजात येतो ज्या आवाजात रोजचे येतात, त्याच माणसाकडून, त्याच मैदानावर. माझा सातव्या राउंडला वाईट झाला, पहिल्या राउंडला तो नेहमीचाच होता.

म्हणून मला हवालदार चंद्रसिंह गढवाली इतका विचार करायला लावतो. २३ एप्रिल १९३०, पेशावरचा किस्साखानी बाजार, खान अब्दुल गफार खानांच्या अटकेनंतर रस्त्यावर आलेली निःशस्त्र गर्दी, समोर रॉयल गढवाल रायफल्सची दुसरी बटालियन. गोऱ्या कॅप्टनने हुकूम दिला, गढवाली, थ्री राउंड फायर. आणि बाजूला उभ्या चंद्रसिंहने आवाज दिला, गढवाली, सीज फायर. रायफली खाली आल्या. त्याबद्दल एक गोष्ट सांगतात ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्याच्या आदल्या दिवशी एका अधिकाऱ्याने या जवानांना समजावलं होतं की पेशावरात मुसलमान हिंदूंना छळतायत, तुम्हाला शहरात जाऊन गोळ्या चालवाव्या लागतील. आणि तो गेल्यावर चंद्रसिंहने आपल्या पोरांना सांगितलं की यात हिंदू-मुसलमान काही नाही, हे सरकार विरुद्ध काँग्रेस आहे. म्हणजे नकाराची तालीम आधीच झाली होती. बाजारात तीन सेकंदांत त्याला काही ठरवायचं नव्हतं, ठरलेलं होतं. आणि तो एकटा नव्हता, आणि त्याने नकारही कशात दिला तर कमांडच्या भाषेत, त्याच आवाजात, त्याच पट्टीत, पोरांच्या कानांना ओळखीच्या शब्दांत. अंगात मुरलेली आज्ञाधारकताच त्याने थांबण्यासाठी वापरली.

पण पुढचं सोपं नाही. त्या दिवशी पेशावरात गोळीबार झालाच, दुसऱ्या तुकड्यांनी केला, माणसं मेली. गढवालींचं ॲबटाबादला कोर्ट मार्शल झालं, चंद्रसिंहला जन्मठेप, सुटला १९४१ मध्ये, म्हणजे उमेदीची अकरा वर्षं गेली. आणि गांधीजी, ज्यांचा निःशस्त्र सत्याग्रह त्या बाजारात उभा होता, त्यांनी गोलमेज परिषदेच्या सुमारास एका फ्रेंच पत्रकाराला काय सांगितलं, तर गोळी झाडायचा हुकूम मोडणारा सैनिक शपथ मोडतो, गुन्हा करतो, मी सैनिकांना हुकूम मोडायला सांगू शकत नाही, कारण उद्या सत्ता माझ्याकडे आली तर बहुधा याच सैनिकांकडून मला काम करून घ्यायचंय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता, अजूनही येतो, ज्याने तुमच्या माणसांवर गोळी झाडली नाही त्याला तुम्ही हे म्हणता? पण त्या रागाखाली एक भीती आहे जी मलाही आहे. हुकूम न ऐकणाऱ्या बंदुका कुणाला हव्यात? आज तो चांगल्या कारणासाठी थांबला, उद्या दुसरा कुणी वाईट कारणासाठी सुरू करेल. गांधीजी चुकले असं मला वाटतं, मनापासून वाटतं, पण त्यांचा प्रश्न मी झटकू शकत नाही.

दुसरीकडे पोलंडमधलं युझेफुफ नावाचं गाव, १३ जुलै १९४२. जर्मन राखीव पोलिसांची बटालियन १०१, पाचशेच्या आसपास माणसं, बहुतेक मध्यमवयीन, हॅम्बर्गकडची, साधी कामंधंदे करणारी. मेजर ट्राप त्यांच्यासमोर उभा राहिला, डोळ्यात पाणी, आणि म्हणाला की गावातल्या ज्यूंना मारायचं काम आहे, वयाने मोठे जे आहेत त्यांच्यापैकी ज्याला जमणार नाही त्याने रांगेतून बाहेर यावं. म्हणजे हुकमानेच दार उघडं ठेवलं होतं. सुरुवातीला बाहेर आले डझनभर. बाकीचे रांगेत राहिले, आणि त्या दिवशी बायका-पोरं-म्हातारे धरून पंधराशेच्या आसपास माणसं मारली गेली. बाहेर आलेल्यांना त्यासाठी कुणी गोळ्या घातल्या नाहीत. हे वाचल्यापासून "नाही ऐकलं असतं तर मला मारलं असतं" या वाक्यावरचा माझा विश्वास उडाला. मला कळतं ते का राहिले रांगेत. एक पाऊल पुढे टाकायचं म्हणजे शेजारच्याला सांगायचं की मी तुझ्यापेक्षा वेगळा आहे, आणि हे घाण काम आता तू कर. सावलीतले तीस जण. ती नजर हुकमापेक्षा जड असते.

आणि व्हिएतनाममधल्या माय लाय गावचा तो अमेरिकन पायलट, ह्यू थॉम्पसन, चोवीस वर्षांचा. १६ मार्च १९६८ ला वरून त्याला दिसलं की आपलीच माणसं खड्ड्यात गावकऱ्यांना मारतायत. त्याने हेलिकॉप्टर गावकरी आणि अमेरिकन सैनिक यांच्या मधे उतरवलं आणि आपल्या दोन साथीदारांना सांगितलं की मी या लोकांना बाहेर काढतोय, आपल्यापैकी कुणी यांच्यावर गोळी झाडली तर तुम्ही त्यांच्यावर झाडा. त्या बंकरमधली माणसं वाचली, वर वायरलेसवर आणि तळावर त्याने आरडाओरडा केला म्हणून थांबवायचा हुकूम निघाला. गावकऱ्यांवर गोळ्या घालणारा लेफ्टनंट कॅली कोर्टात म्हणाला, हुकूम होता. त्याला जन्मठेप झाली आणि त्यातली साडेतीन वर्षंच, तीही बहुतेक घरात नजरकैदेत, त्याने काढली. थॉम्पसनला देशद्रोही म्हणून शिव्यांची पत्रं आली. सोल्जर्स मेडल दिलं ते १९९८ मध्ये, तीस वर्षांनी. मला त्याच्यात दिसतं ते एवढंच की तो लांबून, वरून बघत होता, त्याला सगळं मैदान एकदम दिसलं. खाली उभ्या असलेल्याला फक्त पुढचा राउंड दिसतो.

त्या रात्री अमृतसरच्या हॉटेलातून मी कॅम्पमधल्या त्या पोराला फोन केला. पोरगा कसला, फौजेत सतरा वर्षं काढून हवालदार म्हणून रिटायर झालाय. वर्षा-दोन वर्षांनी बोलणं होतं, त्या कॅम्पचा विषय मात्र कधीच निघाला नव्हता. "काय सिनियर, इतक्या रात्री?" मी भाचीचा प्रश्न सांगितला. तो जरा वेळ गप्प, मग म्हणाला, हे बघा, सेक्शन ॲटॅक चालू असताना मी फायर म्हणालो आणि पोरगा का म्हणून विचारत बसला तर पुढे सरपटत गेलेला त्याचा जोडीदार मरतो, तिथे का ला जागा नाही. आणि तुम्ही लोक एक विसरता, फायर बंद पण हुकमानेच होतो, सुटलेली तुकडी कुणाच्या बापाला आवरत नाही. मग म्हणाला, काश्मिरात होतो तेव्हा खिशात कार्ड असायचं, काय करायचं काय नाही करायचं. ते डूज अँड डोंट्स पाळणं बंधनकारक आहे असं सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्ये सांगितलंय हे मला माहीत होतं, पण त्याने सांगितलं ते वेगळं होतं. म्हणाला, कार्ड कुणी वाचत नाही त्या वेळेला. आमचा एक जेसीओ, म्हणजे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर, होता, तो सर्चला निघायच्या आधी संध्याकाळी पोरांना बसवून विचारायचा, आत म्हातारी निघाली तर काय करशील, पोरगी निघाली तर काय करशील, मी रागात येऊन भलतंच काही बोललो तर तू काय करशील. शेवटच्याला सगळे हसायचे. तो हसू द्यायचा आणि परत विचारायचा, उत्तर येईपर्यंत.

मग मी म्हटलं, त्या दिवशी काउंट मी देत होतो.

"माहितीये की. आवाज तुमचाच होता."

मी म्हटलं, मला थांबवता आलं असतं. तो म्हणाला, हो. एवढंच, हो. मग त्याने विचारलं की अमृतसरला थंडी कशी आहे, आणि बॉर्डरवर जाणार असाल तर लवकर निघा, जागा मिळत नाही. बोलणं तिकडे गेलं. फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं की वाईट हे आजही नीट सांगता येत नाही. मी माफी मागितली नव्हती आणि त्याने दिली नव्हती, आणि त्याने सबबही पुढे केली नव्हती, माझ्यासाठी सुद्धा नाही.

परतीच्या गाडीत भाची माझ्याशेजारी खिडकीत बसली होती. बाहेर गव्हाची शेतं, मधेच एखादी वीटभट्टी, ती विजेचे खांब मोजत होती. मी म्हटलं, तू बागेत विचारलं होतंस ना, चालतं का म्हणून. तिला आठवलं नाही आधी, मग आठवलं. मी तिला सगळं सांगितलं, मैदान, रायफल, हसलेला मुलगा, तंबूत गेलेले उस्ताद. नजरेचं सांगितलं. रक्ताचंही सांगितलं, बहीण वरच्या बर्थवरून माझ्याकडे बघत होती, कशाला सांगतोस तिला असं, तरी सांगितलं. तिने मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाली, "किती राउंड?"

"अकरा."

"आणि तुला कधी कळलं, त्याला होत नाहीये ते?"

"सातव्याला."

तिने डावा हात समोर धरला आणि बोटं उघडायला लागली, ओठ हलवत, आठ, नऊ, दहा, अकरा. अंगठा आत दुमडलेला राहिला. चार बोटं तिने माझ्याकडे करून दाखवली, बरोबर ना, असं विचारल्यासारखी, आणि मी म्हटलं, हो, बरोबर.